ड्रायसूटची निगा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं ड्रायसूटबद्दलची, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या डाइव्हिंगच्या सूटबद्दलची आहेत. कुणाचा सूट गळतोय, कुणाचं सील (गळ्याशी आणि मनगटाशी पाणी अडवणारी लवचिक पट्टी) चिकट झालंय, कुणाला चेन (झिप) लावताना धाकधूक वाटते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. सूट वापरायचं रीतसर प्रशिक्षण तुम्ही घेतलेलं आहे असं धरून उत्तरं दिली आहेत. ते घेतलं नसेल तर आधी ते घ्या, मग सूट.

प्रश्न: नवा ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाचा) सूट आहे. प्रत्येक डाइव्हनंतर डावी बाही कोपरापर्यंत ओली निघते, पाठही दमट असते. दुकानदार म्हणतो घाम आहे. खरंच घाम की गळती?

बहुधा दोन्ही. पाठीचा दमटपणा घामाचा असू शकतो, बाहीचा ओलावा नाही.

घामाची वाफ गरम कपड्यांमधून बाहेर येते आणि सूटच्या थंड कापडाला आतून लागून तिचं पाणी होतं. त्यामुळे अंडरसूटचा (सूटच्या आत घालायच्या गरम कपड्यांचा) बाहेरचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा दमट लागतो आणि अंगाला लागलेली बाजू बऱ्यापैकी कोरडी असते. गळतीचं पाणी एका जागेपासून पसरतं, तिथे कापड पिळता येईल इतकं भिजतं आणि ओलाव्याला कडा असते. चव घेऊन ठरवू नका, घामही खारटच असतो.

एकाच बाहीत पाणी येत असेल तर दोन जागा संशयाच्या. पहिली मनगट. मूठ आवळली किंवा हात मागे वाकवला की मनगटाच्या आतल्या बाजूच्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) वर येतात आणि दोन कंडरांमध्ये खाच पडते. त्या खाचेतून पाणी सीलखालून आत शिरतं. डाव्या हाताने इन्फ्लेटर (हवा भरायचं बटण) धरणारे आणि टॉर्च आवळून धरणारे याला हमखास बळी पडतात. सील मनगटाच्या हाडापासून २-३ सेंटिमीटर वर, जिथे हात गोल आणि मऊ आहे तिथे सरकवा. सील त्वचेला निदान ४-५ सेंटिमीटर सपाट चिकटलेलं हवं. अंडरसूटच्या बाहीचा एखादा धागा किंवा अंगठ्याचा फास सीलखाली अडकला असेल तर तोही वातीचं काम करतो.

दुसरी जागा म्हणजे दंडावरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. त्यातली रबरी चकती हवा बाहेर सोडते आणि पाणी अडवते. चकतीखाली लोकरीचं तूस, केस, वाळूचा कण किंवा मिठाचा खडा बसला की ती पूर्ण टेकत नाही. मग हवा सोडली की प्रत्येक वेळी थोडं पाणी आत येतं. यातला ओलावा दंडापासून सुरू होऊन खाली कोपराकडे जातो, मनगटाचा ओलावा मनगटापासून वर चढतो. बाहेर आल्यावर सूट लगेच उतरवा आणि ओलाव्याची सुरुवात कुठे आहे ते बघा. अर्धा तास उभे राहिलात तर सगळं पाणी खाली उतरतं आणि काही कळत नाही. याच कारणाने पाय ओले म्हणजे बुटाला भोक असा अर्थ काढू नये. छातीपाशी शिरलेलं पाणीही शेवटी बुटातच जाऊन बसतं.

प्रश्न: घरच्या घरी गळती कशी शोधायची?

लागणारं साहित्य: मनगटाच्या सीलमध्ये घट्ट बसतील अशा दोन गुळगुळीत बाटल्या, गळ्यासाठी धारदार कडा नसलेला चेंडू किंवा गोल डबा, रुंद रबरी पट्ट्या, मऊ ब्रश, भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचा १ भाग आणि पाण्याचे १० भाग. हवेसाठी सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करणारा भाग) आणि सूटची होज (हवेची नळी).

सील बंद करा. चेन शेवटपर्यंत लावा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवून बंद करा. आता इन्फ्लेटर थोडा थोडा दाबत हवा भरा. हातपाय उभे राहिले आणि कापडाच्या सुरकुत्या गेल्या की थांबा. नगाऱ्यासारखा ताणला तर शिवणींवर आणि गळ्याच्या सीलवर विनाकारण जोर येतो. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद असला तरी दाब फार वाढला की उघडतो, ती त्याची सुरक्षेची सोय आहे. तिथून येणारे बुडबुडे बघून अनेक जण चांगला व्हॉल्व्ह बदलतात.

सूट अर्धा तास तसाच ठेवा. सैल पडला तर गळती आहे. मग साबणाचं पाणी ब्रशने लावत चला. आधी सील आणि त्यांचे जोड, मग हवा भरायच्या आणि सोडायच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या कडा, मग चेन आणि विशेषतः तिची दोन टोकं, मग जांघेतल्या, काखेतल्या आणि गुडघ्यामागच्या शिवणी. मोकळं कापड सगळ्यात शेवटी. मोठं भोक फुरफुरतं आणि लगेच सापडतं. बारीक छिद्रापाशी मात्र पांढऱ्या फेसाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका हळूहळू वाढतो, तो दिसायला अर्धा मिनिट लागतो. त्यामुळे एका भागावर पाणी लावून लगेच पुढे जाऊ नका. सापडलेल्या जागेभोवती खडूने किंवा मार्करने गोल काढा. ठिगळ बहुतेक आतून लावायचं असतं, म्हणून जवळच्या दोन शिवणींपासूनचं अंतर मोजून लिहून ठेवा. शेवटी साबण पूर्ण धुवून टाका.

निओप्रीनच्या (रबरी फोमच्या) सूटमध्ये हा तपास अवघड जातो. पाणी आतल्या थरातल्या भेगेतून शिरून फोममधून वाट काढतं आणि भलतीकडेच बाहेर येतं. बाहेरचा बुडबुडा आणि आतला ओला डाग यांत वीतभर अंतर असू शकतं. अशा वेळी आतली आणि बाहेरची दोन्ही ठिकाणं बुजवावी लागतात.

प्रश्न: सापडलेलं छिद्र स्वतः बुजवता येईल का?

टाचणीएवढं असेल तर नक्की. सूट आतबाहेर पूर्ण कोरडा करा, २४ तास सावलीत. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, वाळू द्या. मग युरेथेनचा दुरुस्तीचा गोंद आतल्या बाजूने पातळ पसरवा, छिद्राच्या चहूबाजूंनी ५-६ मिलिमीटर जास्त. भाग आडवा ठेवा, नाहीतर गोंद ओघळतो. हा गोंद हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो, त्यामुळे १२ ते २४ तास लागतात आणि फार कोरड्या हवेत त्याहून जास्त. फोडलेली ट्यूब फ्रीझरमध्ये ठेवली तर पुढच्या वेळी उपयोगी पडते. वापरण्याआधी मात्र ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

सेंटिमीटरभर चीर असेल तर त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ लागेल. कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. चारी बाजूंनी निदान २ सेंटिमीटर जास्त ठेवा. दोन्ही पृष्ठभागांना गोंद लावून तो बोटाला चिकटेनासा झाल्यावरच जोडा आणि रुळाने दाबा. शिवणीवरची पट्टी सुटत असेल किंवा व्हॉल्व्हचा जोड गळत असेल तर सूट सरळ दुरुस्तीच्या कार्यशाळेत द्या. लॅटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) सीलला मधोमध छिद्र पडलं तर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ तात्पुरतं चालतं. कडेपासून सुरू झालेली चीर मात्र थांबत नाही. तिथे सील बदलणं हाच उपाय.

प्रश्न: पितळी चेन कडक झाली आहे. सिलिकॉन स्प्रे मारू का? मित्राच्या सूटला प्लास्टिकची चेन आहे, तो म्हणतो मेण लावू नकोस. कुणाचं ऐकायचं?

स्प्रे मारू नका. आणि मित्राचं म्हणणं त्याच्या चेनपुरतं बरोबर आहे, तुमच्या नाही.

पितळी चेनला मेण हवं: पॅराफिन, मधमाश्यांचं मेण किंवा चेनसाठी मिळणारी तयार कांडी. चेन बंद करून बाहेरून दातांवर कांडी दोन-तीनदा फिरवा, एकदा उघडून पुन्हा लावा, वर राहिलेलं मेण कापडाने पुसा. जाड थर दिला तर त्यात वाळू रुतते आणि ती दातांना कानशीसारखी घासते. प्रत्येक डाइव्हच्या दिवशी हे एकदा करावं. आधी चेन स्वच्छ हवी. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन दातांच्या मुळाशी बसलेलं मीठ आणि हिरवट गंज काढा, धुवा, वाळवा, मग मेण.

सिलिकॉन स्प्रेने चेन पहिले काही दिवस छान सरकते, म्हणून लोकांना तो आवडतो. पण तो दातांवर टिकत नाही, उडून चेनच्या कडेच्या पट्टीत आणि सूटच्या कापडात मुरतो. उद्या चेन बदलायची किंवा तिथे ठिगळ लावायचं झालं तर सिलिकॉन मुरलेल्या जागी कुठलाच गोंद धरत नाही. चेन बदलणं ही या सूटमधली सगळ्यात महागडी दुरुस्ती असते, ती अशी अवघड करून ठेवू नये.

प्लास्टिकच्या चेनला मेण घातलं तर ते दातांवर साचून घट्ट होतं आणि कचरा धरतं. तिला निर्मात्याने दिलेलं ग्रीस लागतं, तेही तांदळाच्या दाण्याएवढं, चेन जिथे शेवटी जाऊन बसते त्या टोकाला. दात नुसते पाण्याने स्वच्छ ठेवायचे.

चेन लावताना जे चुकतं त्यानेच बहुतेक चेनी मरतात. स्लायडर नेहमी चेनच्या रेषेत, सरळ ओढायचा. वर उचलून किंवा तिरका ओढला की दातांच्या जोड्या फाकतात. पाठीवरची चेन असेल तर लावून देणाऱ्याने एका हाताने लागलेल्या बाजूची पट्टी धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने हळू ओढायचं. घालणाऱ्याने हात थोडे पुढे घ्यायचे, म्हणजे चेन सरळ राहते. मधेच अडली तर जोर लावू नका. ५ सेंटिमीटर मागे न्या आणि आत बघा. दर वेळी अंडरसूटची घडी सापडते. एक दात तुटला किंवा वाकला तरी पूर्ण चेन बदलावी लागते, कारण पाणी अडतं ते सगळे दात मिळून दोन्ही रबरी कडा एकमेकींवर दाबून ठेवतात म्हणून.

शेवटचा सेंटिमीटर विसरू नका. स्लायडर टोकाला टेकल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात दोन दात उरलेले असतात. पाण्यात जाण्याआधी जोडीदाराने बोट फिरवून ते टोक तपासावं, ही सवय बडी चेकमध्येच घालावी.

प्रश्न: गळ्याचं लॅटेक्स सील इतकं घट्ट आहे की दहा मिनिटांत डोकं जड होतं. वापरून सैल होईल का?

होणार नाही, आणि तोवर थांबूही नका. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य रक्तवाहिन्यांमध्ये रक्तदाब जोखणारी जागा असते. तिथे बाहेरून दाब पडला की शरीराला वाटतं रक्तदाब वाढलाय. मग हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. पाण्याखाली हे जीवघेणं आहे. डोकं जड होणं, चेहरा लाल होणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं यातलं काहीही जाणवलं तर डाइव्ह तिथेच संपवायचा.

लॅटेक्सचं सील शंकूसारखं असतं आणि त्यावर कापण्यासाठी वर्तुळाकार रेघा असतात. चेंडू किंवा शंकूच्या आकाराची गुळगुळीत वस्तू आत घालून ते हलकं ताणा, म्हणजे कड सरळ राहते. मोठ्या, धारदार कात्रीने एका वेळी एकच रेघ, साधारण ५ मिलिमीटर, कापा. कात्री पूर्ण न मिटवता पुढे सरकवत न्या. मिटवून पुन्हा सुरुवात केली की त्या जागी खाच पडते आणि पुढची चीर तिथूनच निघते. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून बघा. मग सूट घालून पंधरा मिनिटं घरात वावरा, मान दोन्हीकडे वळवा, गिळून बघा. सील चारी बाजूंनी लागलेलं जाणवलं पाहिजे, पण गिळताना अडता कामा नये. अजून घट्ट वाटलं तर आणखी एक रेघ. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून एकदम दोन रेघा कापायचा मोह टाळा.

निओप्रीनचं सील असेल तर कात्री बाजूला ठेवा. ते सिलिंडरवर किंवा योग्य मापाच्या गोल वस्तूवर रात्रभर चढवून ठेवलं तर ताणलेलं राहतं. रोज तपासत दोन-तीन रात्री पुरतात.

प्रश्न: लॅटेक्सची सीलं वर्षभरातच चिकट झाली. डाइव्ह तर मोजकेच केले. असं का, आणि आता कुठली सीलं बसवावीत?

लॅटेक्स पाण्यापेक्षा कपाटात जास्त झिजतं. नैसर्गिक रबराला ओझोन, ऊन, उष्णता, तेल आणि तांबं सोसत नाही. ओझोन विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतून तयार होतो, म्हणून फ्रिज, कॉम्प्रेसर किंवा बॉयलरच्या खोलीत टांगलेल्या सूटच्या सीलवर, जिथे घडी पडून ताण आलाय तिथे, बारीक आडव्या भेगा पडतात. चिकटपणाचं कारण बहुधा तेल किंवा तांबं. सनस्क्रीन, अंगाला लावायचं तेल, व्हॅसलीन, केसांचं तेल लागलेले हात, इतकंच काय, सुगंधी पावडरीतलं अत्तरही पुरेसं असतं. तांब्या-पितळेच्या वस्तू सीलला टेकून ठेवल्या तरी रबर तिथे पाघळतं. एकदा चिकट झालेलं लॅटेक्स परत मूळ अवस्थेत येत नाही. वरून पावडर मारून दिवस ढकलू नका.

तपासायची रीत सोपी आहे. उजेडात सील दोन्ही हातांनी ताणा आणि कडेजवळ आणि घडीवर बघा. केसासारख्या रेघा दिसल्या, तर ते पुढच्या कुठल्याही डाइव्हला फाटू शकतं. गळ्याचं सील पाण्याखाली फाटलं तर सूटमधली हवा निघून जाते आणि थंड पाणी भरतं.

निवड तुमच्या वापरावर आहे. लॅटेक्स स्वस्त, पातळ आणि लवचिक, पण जपून वापरलं तरी दोन-तीन वर्षांचं गिऱ्हाईक. सिलिकॉन मऊ असतं, ऊन आणि ओझोनला दाद देत नाही आणि लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना चालतं. ते गोंदाने कापडाला चिकटत नाही, म्हणून कडक कड्यांमध्ये बसवतात. त्याचाच फायदा असा की फाटलेलं सील जागेवरच काही मिनिटांत बदलता येतं. मात्र त्याला नख लागलं तर चीर क्षणात आरपार जाते. निओप्रीन ऊबदार आणि दणकट, पण गळ्याशी आत दुमडून घालावं लागतं आणि थोडं पाणी झिरपू देतं. वर्षातून मोजकेच डाइव्ह करणाऱ्याने कडी बसवून सिलिकॉन घ्यावं आणि एक गळ्याचं आणि दोन मनगटांची जादा सीलं पिशवीत ठेवावीत, असं आमचं मत आहे.

घालताना अंगठ्या, घड्याळ, कानातलं आधी काढा. लॅटेक्सला आतून बिनवासाची टाल्कम पावडर लावा. बोटांच्या टोकांनी सील ओढू नका. दुसऱ्या हाताची चारही बोटं सपाट आत घालून ते फाकवा आणि हात सरकवा. काढतानाही तसंच. सर्वाधिक सीलं काढताना, थंड बधिर बोटांनी घाई केल्यामुळे फाटतात.

प्रश्न: समुद्रातून आल्यावर सूट कसा धुवायचा?

चेन बंद, होजचा तोंडभाग मोकळा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. बाहेरून गोड्या पाण्याने भरपूर धुवा, चेन आणि बुटांच्या कडा ब्रशने. मग दोन्ही व्हॉल्व्हवर कोमट पाणी सोडत राहा. इन्फ्लेटरचं बटण वीस-तीस वेळा दाबा, एक्झॉस्टचं बाहेरचं झाकण डावी-उजवीकडे फिरवा आणि दाबा. व्हॉल्व्हमध्ये वाळलेलं मीठच पुढे बटण अडकवतं, म्हणून यावर वेळ घालवणं सार्थकी लागतं. सीलं आतून-बाहेरून सौम्य साबणाने धुवा, त्वचेचं तेल गेलं पाहिजे.

आतून ओलं झालेलं नसेल तर आत पाणी घालू नका. झालं असेल किंवा वास येत असेल तर सूट उलटा करून धुवा. आधी बाहेरची बाजू वाळवा, मग उलटून आतली. बूट वर, गळा खाली असा जाड दांडीवर सावलीत टांगा. पायांच्या टोकाला पाणी सर्वांत उशिरा वाळतं, तिथे हवा जाईल असं बघा. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवलेल्या सूटचा गोंद आणि सीलं दोन्ही जातात.

प्रश्न: सहा महिने वापर नसेल तर?

पूर्ण वाळवून पितळी चेन उघडी ठेवा, मेण लावा. प्लास्टिकची चेन उघडी ठेवायची की बंद, ते तिच्या पुस्तिकेत बघा. लॅटेक्सला पावडर लावा. बुटांपासून सैल गुंडाळत या, चेन सरळ राहील आणि तिला घडी पडणार नाही असं बघा. बाह्या वर दुमडून सगळं रुंद पिशवीत, वर काही वजन न ठेवता, थंड आणि अंधाऱ्या जागी. निओप्रीनचा जड सूट महिनोन्‌महिने टांगला तर शिवणी ताणतात. मोसमाआधी दोन आठवडे बाहेर काढून वर सांगितलेली हवेची तपासणी करा, म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला वेळ राहतो.

प्रश्न: जुना सूट विकत घेताना काय बघावं?

चेन आणि मापं, या दोन गोष्टींवर सौदा ठरवा. चेन पूर्ण उघडून वाकवा आणि दातांच्या शेजारच्या रबरी पट्टीवर भेगा आहेत का बघा. भेगा असतील तर चेन बदलायची किंमत मनात धरूनच बोला. सीलं कशीही असोत, ती बदलायची आहेत असंच समजा. ट्रायलॅमिनेट म्हणजे दोन कापडांमध्ये ब्युटाइल रबर. कापड उलटून चोळल्यावर थर सुटे झालेले, फुगवटे आलेले दिसले तर घेऊ नका, त्यावर इलाज नाही. निओप्रीन दाबून बघा: गुडघे, बूड, खांदे इथे ते पातळ आणि निर्जीव झालेलं असतं.

माप तुमच्या सगळ्यात जाड अंडरसूटवर बघा. उकिडवं बसा, हात डोक्यावर नेऊन मानेमागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतात का ते करून बघा. बूट मोठे असतील तर त्यात हवा साठून फिन (पोहण्यासाठी पायात घालायचे पंख) निसटतात. हा दोष वजनं लावून जात नाही.

प्रश्न: पाण्यात पाय वर जातात आणि वर येताना वेग आवरत नाही. वजनं कमी पडतात का?

बहुधा उलटं असतं. वजनं जास्त, म्हणून बुडू नये यासाठी सूटमध्ये हवा जास्त, आणि ती हवा पायांकडे पळते. १० मीटरवर दाब दुप्पट होऊन हवेचं आकारमान निम्मं होतं, ३० मीटरवर चौथा हिस्सा. तळाशी, म्हणजे ३० मीटरवर, सूटमध्ये १० लिटर हवा असेल तर १० मीटरपर्यंत येईतो ती २० लिटर आणि पृष्ठभागावर ४० लिटर व्हायला बघते. म्हणून शेवटचे १० मीटर सर्वांत अवघड जातात.

वजन ठरवायची रीत: नेहमीचा अंडरसूट घालून, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं एकक) असताना, सूटमधली आणि जॅकेटमधली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या डाइव्हिंगच्या जॅकेटमधली) हवा सोडून द्या. नेहमीसारखा श्वास घेतल्यावर पाण्याची रेघ डोळ्यांशी यावी, सोडल्यावर हळू बुडावं. भरलेल्या ११-१२ लिटरच्या सिलिंडरने चाचणी घेतलीत तर साधारण २ किलो वाढवा, कारण २०० वरून ५० बारपर्यंत येताना तेवढ्या वजनाची हवा संपते. अंडरसूट बदलला की चाचणी नव्याने.

पाण्याच्या दाबाने सूट अंगाला आवळणार नाही एवढीच हवा त्यात घ्यावी आणि तरंगण्याचं बाकी काम जॅकेटवर सोपवावं, असं आम्ही सुचवतो. हे शिकवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, पण जादा हवा अंगभर फिरण्यापेक्षा एका जागी असलेली बरी. वर येताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि डावा कोपर सर्वांत वर असू द्या. पाय वर गेलेच तर गुडघे छातीशी घ्या, गोल होऊन पुढे कोलांटी घ्या, डोकं वर आलं की लगेच हवा सोडा.

इन्फ्लेटर अडकून हवा येतच राहिली तर आधी होज ओढून काढा, त्याच वेळी एक्झॉस्ट उघडा. ही कृती डोळे मिटून, जाड हातमोजे घालून जमेपर्यंत उथळ पाण्यात करत राहा. थंड पाण्यात बटण बराच वेळ दाबून धरलं तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरून तो उघडाच राहू शकतो. म्हणून छोट्या छोट्या दाबांत हवा घ्या.

प्रश्न: अंडरसूट साध्या कपड्यांसारखा धुतला तर चालतो का? सूटमध्ये आर्गॉन भरून फरक पडतो का?

अंडरसूट थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावा. फॅब्रिक कंडिशनर घालू नये, त्याचा थर बसला की धागे घाम बाहेर टाकत नाहीत. आतला थर लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि थंडी वाजवतो. तूस सुटणारा अंडरसूट सूटमध्ये घालण्याआधी झटका, नाहीतर ते तूस एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्येच जाऊन बसतं.

आर्गॉनची उष्णतावाहकता हवेच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे ऊब थोडी वाढते. पण सूटमधली आधीची हवा दोन-तीनदा भरून-सोडून घालवली तरच. वेगळा छोटा सिलिंडर आणि रेग्युलेटर लागतो, आणि त्या सिलिंडरला श्वासाचं सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) कधीही जोडायचं नाही, कारण आर्गॉनमध्ये ऑक्सिजन नसतो. हीलियम असलेलं मिश्रण सूटमध्ये भरू नका, हीलियम हवेच्या साधारण सहापट वेगाने ऊब पळवतो. बहुतेकांना त्याच खर्चात एक चांगला अंडरसूट आणि कोरडे हातमोजे घेतलेले जास्त ऊब देतील.